सिल्क रोड उर्फ रेशीम मार्ग: लोक सारखे विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

उझबेकिस्तानला जाऊन आल्यापासून घरी कोणी आलं की फोटो बघता बघता तेच तेच प्रश्न येतात आणि मी एकदा सुरू झालो की बायको चहा टाकायच्या निमित्ताने उठून आत जाते, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहून काढावं. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाहीये, वाचायचा नाद आहे इतकंच. प्रश्नांना क्रम वगैरे लावलेला नाही, ज्याला जे हवं ते वाचा.

सिल्क रोड म्हणजे नक्की कुठला रस्ता? नकाशावर दाखवता येतो का?

एक असा रस्ता नव्हताच. आणि हे नाव पण जुनं नाहीये, रिश्टहोफेन नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मधे वापरलं आणि मग ते चिकटलं. त्या वाटेवर ज्यांचा जन्म गेला त्यांना विचारलं असतंत तर ते म्हणाले असते हा समरकंदचा रस्ता, तो पुढचा काशगरचा. पुण्यात ज्याला नगर रोड म्हणतात त्यालाच नगरचे लोक पुणे रोड म्हणतात ना, तसंच ते.

तरी ढोबळ सांगतो. पूर्वेचं टोक चांगआन, म्हणजे आजचं शिआन. तिथून वायव्येकडे गोबीचं वाळवंट आणि किलियानचे डोंगर यांच्या मधून एक लांबच लांब पट्टा जातो, हशी कॉरिडॉर म्हणतात त्याला, तो संपतो दुनहुआंगला. पुढे आडवं येतं तकलामकान. या वाळवंटात शिरायचं नाही, वळसा घालायचा, म्हणून इथे फाटा फुटतो. उत्तरेची वाट तुर्फान, कुचा करत जाते, दक्षिणेची खोतान, यारकंद करत, आणि दोन्ही काशगरला परत भेटतात. मग पामीरचे घाट, पलीकडे समरकंद, बुखारा, मर्व, मग इराण, इराक, सिरियातलं पाल्मिरा आणि शेवटी भूमध्य समुद्राजवळचं अँटिओक. साधारण साडेसहा हजार किलोमीटर धरा. वाट का अशी वाकडीतिकडी तर डोंगरावरचं बर्फ वितळून जिथे जिथे पाणी खाली उतरतं तिथे तिथे गाव आणि जिथे गाव तिथे मुक्काम. म्हणजे खरं तर रस्ता पाण्याने आखलाय.

एखादा व्यापारी चीनमधून रेशमाचे तागे उंटावर लादायचा आणि थेट रोमला जाऊन विकायचा, बरोबर ना?

नाही नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. टोकापासून टोकापर्यंत जाणारा माणूस जवळजवळ सापडतच नाही. माल जायचा, माणूस आपल्या टप्प्यापुरता जायचा. दुनहुआंगवाला तुर्फानला विकणार, तुर्फानवाला पुढे, असं करत करत. प्रत्येक हाताला आपला कट आणि प्रत्येक राज्याची जकात, त्यामुळे शेवटच्या गिऱ्हाईकाला ते कापड कुठून आलं याचा पत्ताच नाही. प्लिनी नावाचा रोमन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो की सेरेस लोक, म्हणजे चिनी, झाडाच्या पानांवरून रेशीम विंचरून काढतात! इतका माल घेत होते आणि किड्याचं नाव पण माहीत नाही.

मधल्या दलालांना हे अज्ञान हवंच होतं. इ.स. ९७ मधे पश्चिमेकडचा कारभार बघणाऱ्या बान चाओ या चिनी सेनापतीने कान यिंग नावाच्या माणसाला रोमकडे पाठवलं. तो चालत चालत पार्थियातून (म्हणजे तेव्हाचं इराण) पार समुद्रापर्यंत पोचला. तिथल्या खलाशांनी त्याला काय सांगितलं, की वारा चांगला असला तर तीन महिने, नसला तर दोन वर्षं, म्हणून आम्ही तीन वर्षांचं धान्य भरून निघतो, आणि समुद्रावर माणसाला घरची अशी काही आठवण येते की काहीजण त्यातच मरतात. तो बिचारा तिथूनच परत फिरला. आता पार्थियन मंडळी मधे बसून दोन्हीकडून खात होती हे लक्षात घेतलं की त्यांनी एवढा घाबरवणारा सल्ला का दिला ते आपोआप कळतं. आपल्याकडे नाही का, मार्केट यार्डात शेतकरी आणि दुकानदार एकमेकांना थेट भेटू नयेत असंच मधल्याला वाटतं.

मग सुरुवात कोणी केली?

सुरुवात अशी कोणी करत नाही, लोक आधीपासून येजा करतच होते. पण चिनी दरबाराला पश्चिमेची पक्की खबर मिळाली ती चांग छ्येनमुळे. हान सम्राट वू ने त्याला इ.स.पू. १३८ मधे पाठवलं, व्यापारासाठी नाही हां, उत्तरेच्या शिओंगनू टोळ्यांविरुद्ध, त्यांच्यामुळे पश्चिमेला गेलेल्या युएची नावाच्या लोकांना आपल्या बाजूला ओढायला. निघाला शंभरेक माणसं घेऊन आणि थेट शिओंगनूंच्याच तावडीत सापडला. दहा वर्षं तिथे, लग्न झालं, मूल झालं, तरी सम्राटाचा राजदंड जपून ठेवलेला. शेवटी पळाला, फरगाना (आजच्या उझबेकिस्तानकडचं खोरं) बघितलं, बॅक्ट्रिया (आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग) बघितलं, युएचींना भेटला तर ते म्हणाले आमचं इथे बरं चाललंय, आम्हाला युद्ध नको. परत येताना पुन्हा पकडला गेला! घरी पोचला तेव्हा शंभरातले दोघं उरले होते.

काम फेल, पण माहिती सोन्यासारखी. बॅक्ट्रियाच्या बाजारात त्याला चीनच्याच सिचुआनमधलं कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या, हे कुठून आणलंत म्हणून विचारलं तर लोक म्हणाले शेन्दूमधून. शेन्दू म्हणजे सिंधू, म्हणजे आपण. म्हणजे चीनचा माल चीनच्या सरकारला न सांगता भारतातून फिरून अफगाणिस्तानात पोचला होता.

फरगानाचे घोडे त्याने सांगितले आणि सम्राटाला त्यांचं वेडच लागलं. इ.स.पू. १०४ ला पहिली स्वारी फसली, मग दुसऱ्या वेळी साठ हजारांची फौज गेली आणि एक नंबरचे म्हणावेत असे घोडे हाती आले फक्त काही डझन, बाकी तीनेक हजार मध्यम. हिशोब काही जुळत नाही बुवा.

रेशीमच का पण? बाकी काही जात नव्हतं का?

जायचं की. खोतानचा जेड (हिरवट मौल्यवान दगड), कस्तुरी, काच, मसाले, औषधं, चामडं, घोडे, आणि हो, माणसं पण, गुलाम म्हणून. कागद तर माझ्या मते रेशमापेक्षा मोठी गोष्ट आहे, ७५१ च्या तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद करायला शिकवला अशी गोष्ट सांगतात, पण कागद त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून या वाटेवर फिरत होता, पुढे एक पत्र सांगणार आहे ते कागदावरचंच आहे.

रेशमाचं वैशिष्ट्य म्हणजे ते हलकं, महाग आणि लवकर खराब होत नाही, म्हणून ते कापड कमी आणि पैसा जास्त होतं. सीमेवरच्या चिनी सैनिकांना पगारात तांब्याची नाणी नेऊन देणं म्हणजे ओझंच ओझं, त्यापेक्षा रेशमाचे तागे दिलेले परवडायचे. त्या ताग्यांवर सैनिक बाजारातून धान्य, घोडे, काय हवं ते घ्यायचे आणि असं ते पश्चिमेकडे सरकायचं. व्यापारी जितके महत्त्वाचे तितकाच हा सरकारी पगार, हे शाळेत कोणी सांगत नाही.

रोमन लोकांना एवढं वेड होतं का खरंच?

प्लिनीच रडतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी आपले दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घेऊन जातात. इ.स. १६ मधे तर रोमच्या सिनेटने पुरुषांनी रेशीम घालायचं नाही असा ठराव केला. ठराव किती पाळला असेल ते तुम्हीच समजून घ्या. पुढे इ.स. ५५२ च्या सुमाराला काही भिक्षूंनी बायझंटाइन सम्राट जस्टिनियनला किड्यांची अंडी आणून दिली आणि शेणाची ऊब देऊन ती उबवली, तिथून पश्चिमेत घरचं रेशीम सुरू झालं.

तांडा कसा असायचा? रोज किती चालायचे?

तांडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लमाणांचे बैल येतात. तिकडे उंट, आणि आपल्या राजस्थानी एका वशिंडाचा नाही, दोन वशिंडांचा, अंगभर लोकर असलेला, थंडीत पण टिकणारा. एका उंटावर दीडशे ते दोनशे किलो. दिवसाला तीसेक किलोमीटर झाले तरी पुष्कळ, म्हणून इराणकडे सराया साधारण तेवढ्याच अंतरावर दिसतात: चौकोनी भक्कम भिंत, एकच मोठा दरवाजा, मधे अंगण, खाली जनावरं आणि माल, वर माणसं.

एक गंमत. तांड्याच्या प्रमुखाला सोग्दियन भाषेत सार्तपाव म्हणायचे, तो शब्द आपल्या संस्कृत सार्थवाहावरून आलाय, आणि तोच चिनी भाषेत जाऊन साबाओ झाला. पुढे चीनमधे साबाओ ही चक्क सरकारी पोस्ट होती.

सोग्दियन कोण आता हे?

समरकंद-बुखाराच्या भागातले लोक, इराणी कुळातली भाषा बोलणारे, आणि या वाटेचे खरे मालक. चीनच्या आतपर्यंत यांच्या वस्त्या होत्या. राज्य कधी मोठं केलं नाही, धंदा केला.

यांच्याबद्दल वाचायचं तर ती जुनी पत्रं वाचा. १९०७ मधे ऑरेल स्टाइन या ब्रिटिश संशोधकाला दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात टपालाची पिशवी मिळाली, इ.स. ३१३-३१४ च्या आसपासची, आतली पत्रं कधी पोचलीच नाहीत. त्यात मिवनाय नावाच्या बाईची दोन आहेत, एक आईला आणि एक नवऱ्याला. नवरा तिला आणि मुलीला दुनहुआंगला सोडून गेलेला, तीन वर्षं झाली पैसे नाहीत, नवऱ्याचे नातेवाईक हात वर करतात, तांडे निघतात पण हिला कोणी बरोबर घेत नाही, पाच वेळा संधी आली आणि पाचही वेळा नकार. आईला लिहिताना जपून, रडवेलं. नवऱ्याला सुरुवातीला रीतसर नमस्कार, गुडघे टेकून वगैरे, आणि मग एकदम सुटते: तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची बायको झाले असते तर बरं. पत्राच्या शेवटी मुलीने दोन ओळी जोडल्यात की आम्ही आता चिन्यांच्या घरी चाकरी करतोय. सतराशे वर्षं झाली त्याला. रेशीम, घोडे, सम्राट सगळं ठीक आहे पण मला हा रस्ता कळला तो या बाईमुळे.

वाटेत सगळ्यात मोठी भीती कशाची? दरोडेखोर?

दरोडेखोर होतेच, पण त्याआधी पाणी. युआन श्वांग हा चिनी बौद्ध भिक्षू, आपल्या जुन्या पुस्तकातला ह्युएनत्संग, इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला तेव्हा परदेशात जायला बंदी होती, म्हणजे हा लपून छपून निघालेला. दुनहुआंगच्या पुढच्या वाळवंटात एकटा, बरोबर एक म्हातारा तांबडा घोडा. पाणी प्यायला पखाल उचलली आणि हातातून सुटली, हजार ली (ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) चालायला पुरेल असं पाणी वाळूत. थोडा मागे वळला, मग स्वतःवरच चिडला की पूर्वेला परत जाऊन जगण्यापेक्षा पश्चिमेला जाऊन मेलेलं बरं, आणि परत फिरला. चार रात्री पाच दिवस घशात थेंब नाही, आडवा पडला. पाचव्या रात्री वारा गार सुटला, दोघं उठून निघाले तर घोडा एकदम भलत्याच दिशेला ओढायला लागला, लगाम ऐकेना. घोड्याने ती वाट आधी अनेकदा केलेली. थोड्या वेळाने हिरवळ आणि तळं.

भारताचा काय संबंध? महाराष्ट्राचा तर नसणारच ना?

आहे तर! ग्रीक खलाशाने पहिल्या शतकात लिहिलेल्या पेरिप्लस या बंदरांच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलंय की चीनचं कच्चं रेशीम, रेशमाचा धागा आणि कापड बॅक्ट्रियामार्गे भडोचला येतं. म्हणजे एक फाटा पामीरनंतर खाली वळून गुजरातच्या बंदरात येत होता आणि तिथून जहाजाने पश्चिमेला, पार्थियन दलालांना चुकवून. त्याच भडोच बंदरात आपल्या पैठणचा आणि तेरचा माल यायचा. पैठण भडोचपासून वीस दिवस दक्षिणेला, तेर तिथून दहा दिवस पूर्वेला, असं अंतर पण दिलंय. आज तेरला धाराशिवहून एसटीने जाता येतं, जाऊन म्युझियम बघा. म्हणजे सातवाहनांच्या काळातला तेरचा कापडवाला आणि चिनी रेशीम एकाच बंदरात भेटत होते. कल्याण आणि सोपारा पण त्यात आहेत.

शब्द बघा. शाकुंतलात पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंत म्हणतो शरीर पुढे चाललंय पण मन मागे धावतंय, वाऱ्याविरुद्ध नेलेल्या निशाणाच्या चीनांशुकासारखं. कालिदासाच्या प्रेक्षकाला चिनी रेशीम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि आपण ज्याला रेशीम म्हणतो तो शब्द फारसी अब्रेशमवरून आलेला.

उलट बाजूने काय गेलं तर धर्म आणि लिपी. तकलामकानच्या दक्षिण कडेला निया नावाचं गाव वाळूत गाडलेलं मिळालं, तिथे लाकडी पाट्यांवर सरकारी कागदपत्रं, उंटांची भांडणं, पळालेले गुलाम, जमिनीचे व्यवहार, आणि भाषा कोणती तर प्राकृत, लिपी खरोष्ठी, म्हणजे वायव्य भारतातली जुनी लिपी! चीनच्या वाळवंटातला तलाठी आपल्या मराठीच्या चुलत आजीच्या भाषेत दप्तर ठेवत होता असं म्हणायला हरकत नाही. कुचाचा बौद्ध भिक्षू कुमारजीव घ्या, बाप काश्मीरकडचा, आई कुचाची राजकन्या, त्याने केलेली सूत्रांची चिनी भाषांतरं आजही म्हटली जातात. भाषांतराबद्दल तो म्हणायचा की हे म्हणजे दुसऱ्यासाठी भात चावून देणं, चव तर जातेच, वर ओकारी येते.

आणि युआन श्वांग महाराष्ट्रात येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, ६४१ च्या सुमाराला. आपल्या लोकांबद्दल लिहितो की उपकार विसरत नाहीत आणि अपमान पण विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात आणि मग लढतात. लढाईआधी सैनिकांना आणि हत्तींना दारू पाजतात हे पण लिहिलंय, ते आपण सोयीस्कर विसरतो. डोंगरातल्या एका लेण्याचं वर्णन करतो, दारात दोन्ही बाजूला दगडी हत्ती, ते अजिंठाच असं बहुतेक अभ्यासक मानतात.

दुनहुआंगच्या गुहा अजिंठ्यासारख्या आहेत का?

कल्पना आपल्याकडूनच गेली: डोंगर खोदायचा, आत विहार, भिंतीवर चित्रं. पण तिकडचा दगड ठिसूळ, त्यामुळे कोरीव मूर्तीऐवजी मातीच्या मूर्ती रंगवलेल्या. परंपरेने सुरुवात इ.स. ३६६, आणि पुढची हजार वर्षं काम चालू, चित्रांच्या ४९२ गुहा आहेत.

१९०० मधे वांग युआनलू नावाच्या ताओ साधूला तिथे भिंतीआड एक बंद खोली सापडली. जेमतेम तीन मीटरची खोली आणि छतापर्यंत पोथ्या, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बंद केलेल्या. चिनी, तिबेटी, संस्कृत, सोग्दियन, खोतानी, एक हिब्रू प्रार्थना पण. वांगला गुहांच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, १९०७ ला स्टाइन आला आणि पोथ्या-चित्रांच्या २९ पेट्या १३० पौंडांत घेऊन गेला, त्यात ८६८ सालचं छापील वज्रसूत्र हा बौद्ध ग्रंथ, तारीख घातलेलं जगातलं सगळ्यात जुनं संपूर्ण छापील पुस्तक. पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक पेलियो आला, त्याला चिनी वाचता येत होतं त्यामुळे त्याने निवडून निवडून नेल्या. चोरी म्हणायची की वाचवलं म्हणायचं यावर आमच्या घरी दोन गट आहेत. माझं मत, व्यवहार कागदोपत्री सरळ आणि बाकी सगळा वाकडा.

मार्को पोलो खरंच गेला होता का?

गेला होता, १२७१ ला निघाला आणि १२९५ ला परतला, चहाचा आणि चीनच्या भिंतीचा उल्लेख नाही म्हणून शंका घेतात पण मीठ, कागदी नोटा यांची माहिती त्याने घरबसल्या रचणं अवघड. मला त्याच्यापेक्षा राब्बान साउमा आवडतो, बीजिंगकडचा ख्रिस्ती साधू, तो उलटा निघाला आणि १२८७-८८ मधे पॅरिसला पोचला, इंग्लंडच्या राजाला पण भेटला. त्याच्यावर कोणी वेब सिरीज काढत नाही.

प्लेग याच वाटेने आला म्हणतात?

किरगिझस्तानात इस्सिक-कुल तलावाजवळ १३३८-३९ ची कबरस्तानं आहेत, काही दगडांवर सिरियाक या तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मभाषेत साथीने मेला असं कोरलंय. २०२२ मधे तिथल्या दातांतल्या डीएनएमधे प्लेगचा जंतू सापडला. पुढे १३४६ ला काळ्या समुद्रावरचं काफा बंदर, १३४७ ला सिसिली. मंगोलांच्या राज्यात वाट सुरक्षित होती, ती सगळ्यांसाठीच.

१४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि रस्ता बंद झाला, शाळेत असंच होतं ना?

पाच मार्कांचं उत्तर होतं ते, मी पण लिहिलंय. पण तुर्क कशाला बंद करतील, जकात त्यांनाच मिळायची, त्यांच्या बुर्सा शहरात नंतर पण इराणी रेशमाचा मोठा बाजार भरत होता. मंगोल सत्ता फुटल्यावर वाटेत राज्यं आणि भांडणं वाढली, आणि जहाजात एका वेळी हजार उंटांचा माल मावतो. हळूहळू आटला रस्ता, कुलूप कोणी लावलं नाही.

आता जाऊन काय बघायचं?

सोपं पडतं ते उझबेकिस्तान. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीनेक तास, तिथून अफ्रोसियोब ट्रेनने समरकंद दोन-सव्वादोन तास, तिकीट आधी काढा, लगेच संपतात. पण एक लक्षात ठेवा, रेगिस्तान चौकातले निळे मदरसे तैमूरच्या नातवाच्या काळातले आणि त्यानंतरचे आहेत, १४१७ ते १६६०. सोग्दियन समरकंद शेजारच्या अफ्रासियाब टेकाडात आहे. आमच्या टूरवाल्यांनी ते आयटनरीतच घेतलं नव्हतं, वेळ गेला कार्पेटच्या दुकानात, शेवटी आम्ही दोघं टॅक्सी करून गेलो. तिथल्या म्युझियममधे सातव्या शतकातलं भिंतीचित्र आहे, १९६५ ला रस्ता करताना सापडलेलं. राजासमोर देशोदेशीचे राजदूत उभे आहेत, रंग उडालाय, काही ठिकाणी नुसती रेघ उरलीय. चिनी लोक ओळखू येतात ते काळ्या टोप्यांवरून, आणि त्यांच्या हातात आहेत कोष, रेशमाच्या लडी आणि तागे. हॉलमधे आम्ही दोघं आणि स्वेटर विणत बसलेली एक आजी.

शाकाहारी माणसाचं काय होतं तिकडे?

पुलावात मटण असतंच, बाजूला काढून खा म्हणतात. भोपळ्याचं सामसा (तिकडचा समोसा) विचारा, मिळतं. नान, टोमॅटो, दही, आणि खरबूज, खरबुजावर आम्ही चार दिवस काढले. चटणी मात्र घरून न्या.